लहान्या कोण आणि मीठ कुठे

जव्हार, दरबारी ओळ
कार्तिक, सन १९१२ (सन कारकुनाच्या तोंडून ऐकला, म्हणजे खरा असणार)

लहान्याभाऊ,

लिहितो लिहितो म्हणत दिवाळी गेली. कागद होता, बोरू होता, शाई तर शेजारच्या ढवळूबाबाने हिरड्याची करून दिली. पण लिहायला बसलो की कोणीतरी ओढ्याकडून हाक मारायचं, "चल रे, चिंबोऱ्या धरू," की मी निघालो. मिठागरावर तुझ्या खोपटात राहिलो तेव्हा तूच मला वावटळ म्हणायचास. त्या वावटळीने आज मांडी घातली आहे, तेवढ्यात वाचून घे. म्हणजे मुनशीसाहेबांकडून ऐकून घे. मुनशीसाहेब, नमस्कार. हळू वाचा, आणि जिथे मी सांगेन तिथे आवाज खाली घ्या.

आधी वाईट बातमी. आयला द्यायला तू माझ्याजवळ दिलेलं सुकट वाडा गावापर्यंत शाबूत होतं. वाड्याला एक गाडीवान भेटला, त्याच्याकडे भात होता आणि कालवण नव्हतं. पुढचं तू समजून घे. आयच्या हातात मी नुसतं फडकं दिलं. तिने फडक्याचा वास घेतला, म्हणाली, "लहान्यानं बांधलंय. गाठ त्याची हाय." मग उठून एका कुत्र्याला उगाच शिव्या देऊन आली.

आता दुसरी बातमी. ती वाईट की चांगली, माझं ठरलेलं नाही. लहान्याभाऊ, मी तू झालो आहे.

नीट सांगतो. तू मला एवढंच सांगितलं होतंस की आयने तुझा लाल कोंबडा देवाला दिला म्हणून तू घर सोडलंस. ते घर कसलं, हे बोलला नव्हतास. शिमग्यात तुमचा पाडा जळला, दरबाराने गावाच्या कडेला कौलारू घरांची ही ओळ बांधली आणि जळितांना फुकट दिली, हे मला इथल्या ओट्यावर बसल्यावर कळलं. अट काय, तर ज्याच्या नावाने घर त्याने, नाहीतर त्याच्या बायकापोरांनी त्यात नांदायचं. दुसऱ्याला ठेवायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. दरबाराचा कारकून कधीही येऊन बघणार, आणि संक्रांतीला शेवटची पाहणी. त्या दिवशी ज्याचं माणूस घरात नसेल त्याचं घर झाडाखाली राहिलेल्या दुसऱ्या जळिताला. एकट्या म्हातारीला आख्खं घर नाही. तिला दुसऱ्याच्या घरात एक कोपरा.

कारकुनाचं नाव गुप्ते. नाव गुप्ते, आणि काम लोकांची गुपितं उघडी करायचं.

तर मी येऊन आठवडाभर झाला असेल. ओट्यावर आय, ढवळूबाबा आणि मी. माझ्या तोंडात नागलीची भाकर. गुप्ते छत्री टेकत आले आणि म्हणाले, "यात लहान्या कोण?"

आय कशी ऐकते तुला ठाऊक. तिला वाटलं, रावसाहेब विचारतात, या दोघा बाप्यांत लहाना कोण. शेजारी पांढऱ्या मिशांचा ढवळूबाबा. यात विचारायचं तरी काय? तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो लहाना."

"बरं. लहान्या हजर," गुप्ते म्हणाले.

मी भाकर गिळून खरं सांगणार होतो, देवाशपथ. पण तेवढ्यात त्यांनी पलीकडच्या रिकाम्या घराकडे छत्री केली आणि शिपायाला सांगितलं, "तिथे कोणी नाही. कुलूप घाल." मी भाकरीचा दुसरा घास तोंडात कोंबला.

मग ते मला म्हणाले, "घरात जा, चिमूटभर मीठ आण."

मी आत गेलो, चुलीवरच्या कुडात खोचलेलं बांबूचं नळकांडं काढलं, मीठ आणलं. त्यांनी ते जिभेवर ठेवलं, मान हलवली आणि पुढच्या घराकडे निघाले. हीच त्यांची पाहणी. ते म्हणतात, माणूस नाव खोटं सांगेल, शेजारी साक्ष खोटी देतील, पण मीठ मागितल्यावर घरच्याचा हात आपोआप जातो आणि बाहेरचा उतरंडी धुंडाळत बसतो.

कडेच्या घरातल्या पुंजाला धरलं ते असंच; बाहेर काढणं संक्रांतीला. पुंजाचं बाजारात स्वतःचं घर आहे. पाडा जळला तेव्हा त्याचा तिथे नुसता गोठा होता, तरी जळीत म्हणून घर घेतलं आणि त्यात शेरडं कोंडली. त्या दिवशी चूल पेटवून, मुंडासं बांधून दारात उभा. मीठ मागितलं तर आत जाऊन बसला. भांडी आपटल्याचे आवाज येत राहिले. शेवटी बाहेर येऊन म्हणतो, "रावसाहेब, मीठ बायको ठेवते."

"बायको कुठे आहे?"

आतून एक शेळी डोकं काढून ओरडली.

"हीच का?" गुप्त्यांनी विचारलं. आख्खी ओळ ओट्यावर लोळून हसली. मीसुद्धा हसलो, आणि मग आठवलं की मी हसायच्या बाजूला नाही.

संक्रांतीच्या आधी ये, लहान्याभाऊ. मी तुझं नाव सांभाळतो आहे, पण ते मला घट्ट होतं.

तुझाच (म्हणजे आता खरंच तुझाच)
सखा


मार्गशीर्ष, मळणीचे दिवस

लहान्याभाऊ,

तुझं उत्तर नाही. गाडीवान सुकऱ्या म्हणतो, पत्र पोचलं, मुनशीने वाचलं, तू ऐकलंस आणि फावडं घेऊन निघून गेलास. मुनशीसाहेब, तुम्ही शेळीची जागा नीट वाचलीत ना?

इकडे माझी बढती झाली. मी बाजारात एका म्हातारीला मारवाड्याच्या पाटीवरची अक्षरं वाचून दाखवत होतो, ते गुप्त्यांनी बघितलं. मोखाड्याच्या शाळेत मी चौथीपर्यंत बसलो होतो, म्हणजे बसलो तेवढ्या दिवसांत चौथी आली. बाकीचे दिवस शाळेमागच्या जांभळीवर. ते म्हणाले, "अरे लहान्या, तुला वाचता येतं? मग चल माझ्याबरोबर पाहणीला."

तेव्हा आता ओळीत कोण खोटा राहतो हे शोधायला मी कारकुनाबरोबर फिरतो. ढवळूबाबा मला बघितलं की मिशीत हसतो. म्हणतो, "काय रे कोतवाल, आज कोणाला धरलंस? घरी आरसा हाय का?"

काल कमूकडे गेलो. कमू आणि तिचा नवरा दोघंच. तिला कोणी सांगितलं की माणसं कमी दिसली तर घरात दुसरी चूल घालतील. म्हणून तिने शेजारची पोरं उसनी आणून ओळीने बसवली. गुप्त्यांनी पोरांच्या डोक्यांवर हात फिरवला, खूष झाले. पुढच्या घरात गेलो तर तीच पोरं मागच्या दाराने पळत येऊन बसलेली. एकाचं नाक दोन्ही घरांत सारखंच वाहत होतं. गुप्ते त्याला म्हणाले, "बाळ, तुझी आई कोणती?" त्याने बराच विचार केला आणि विचारलं, "आता का मघाशी?"

कमूला कोणी काही केलं नाही. गुप्ते बाहेर आल्यावर छत्रीआड हसले. माणूस वाईट नाही. झाडाखाली अजून घरं आहेत, त्यांच्यासाठी जागा शोधतो, एवढंच. मला कधी कधी वाटतं त्या झाडाखालच्यांना तुमचं घर मिळालं तर चुकीचं काय? मग घरी येतो आणि आय ताटली पुढे ठेवते. ती रोज दोन ठेवते. एक माझी, एक रिकामी. रिकामीला हात लावला तर चमचा फेकते.

आणि एक गोष्ट तू आधीच सांगायला हवी होतीस. तू डावरा! पुंजाने बाजारात भर गर्दीत विचारलं, "काय रे, लहान्या तर डावरा होता. तू उजव्या हातानं तपकीर कशी ओढतोस?" मी म्हणालो, तपकीर उजव्यानेच, बाकी सगळं डाव्याने. तेव्हापासून बाकी सगळं डाव्याने करतो. भाजी निम्मी धोतरावर. कोयता हातात घेतला की ढवळूबाबा लांब उभा राहतो.

आय मला लहान्या म्हणत नाही. लोकांत म्हणायची वेळ आली की तिला खोकला येतो. घरात म्हणते पोऱ्या. परवा मी विचारलं, "आय, घर गेलं तर?" ती चूल फुंकत म्हणाली, "कमूच्या घरात कोपरा देतील. कमू घोरते. मी तिला रातीच ढकलून देईन, मंग मना कोठडीत ठेवतील. कोठडी आख्खी मिळल."

हसून सांगितलं. पण नंतर बराच वेळ ती कुडाची भिंत सारवत होती, आणि ती आदल्याच दिवशी सारवलेली होती.

ये रे.

सखा, उर्फ डावरा


पौष, कडक थंडी

लहान्याभाऊ,

सुकऱ्या तुझा निरोप घेऊन आला. "मना घर नको. सख्यालाच ठेवा." आणि एक मिठाची पुडी, कोणासाठी ते न सांगता. पुडी आयने नळकांड्यात ओतली, जुन्या मिठावर. निरोपावर मी बोलतो. तू गाढव आहेस. मुनशीसाहेब, हे मोठ्याने वाचा.

रागाने मी चालायला लागलो. मला राग आला की पाय पुढे आणि मी मागे. आधी शिरपामाळाला गेलो. वर वारा असा की कानटोपी उडाली आणि तिच्यामागे मी उतारावर. टोपी सापडली पण वाट दुसरीच लागली. मग वाटेत एक मेंढका भेटला, त्याच्याशी अर्धा दिवस बाभळीखाली सोंगट्या खेळलो, हरलो, पुढे निघालो. असा भटकत जामसरला पोचलो. जामसरला बायडीमावशी राहते, तुझी मावशी. म्हटलं, भाकर मिळेल.

अंगणात शिरलो आणि कशाने तरी पोटरीवर टोच मारली. वळून बघतो तर लाल कोंबडा. तुरा एका अंगाला पडलेला. पायात तांबडा दोरा, गाठ तीच, सुकटाच्या फडक्यावरची.

लहान्याभाऊ, तुझा कोंबडा जिता आहे.

मावशीने माझ्या तोंडावर हात दाबला. "बोंबलू नको. भैनीनं, नवशीनं शपथ घातलीय." मी भाकर न खाताच परत फिरलो. मी, भाकर न खाता! यावरून समज.

घरी येऊन आयला विचारलं. ती आधी बहिरी झाली. मग म्हणाली, "पाडा पेटला तवा लहान्या काय घेऊन पळाला? भांडं नाय, चादर नाय. काखेत कोंबडा. जळल्यातनं तेवढंच जितं निघालं. ते मी कापू?"

"मग घरभरणीला देवाला काय दिलंस?"

"नारळ. देव काय बोलला नाय. भगताला सांगितलं, कोंबडा दिला. भगत बोलला असता."

"आणि लहान्याला का नाही सांगितलंस?"

"त्याच्या पोटात काय ऱ्हातं? सांज व्हायच्या आत ओळभर झालं असतं. भगतानं नवा कोंबडा मागितला असता, आनि तो म्हंजे तोच." मग चुलीत बघत म्हणाली, "मना वाटलं दोन दिस रुसल. कोंबड्यासाठी कोणी घर सोडतं का? मी बोलावणार तवर निघून गेला. आता बोलावू कसं? सांगू, की मी तुला फसवलं?"

तिने मला शपथ घातली नव्हती, म्हणून तुला सांगतो. मुनशीसाहेब, आता आवाज खाली. भगताचा भाचा मिठागरावर असतो.

संक्रांत जवळ आली. पुंजाने गुप्त्यांच्या कानावर घातलं आहे की लहान्या डावरा आणि हा नव्हे. गुप्त्यांनी मला काल सगळ्यांसमोर डाव्या हाताने मीठ आणायला सांगितलं. आणलं. निम्मं ओट्यावर सांडलं.

सखा


संक्रांतीचा आदला दिवस

लहान्याभाऊ,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, तरी लिहितो.

मी गुप्त्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, "रावसाहेब, मी लहान्या नाही. मी सखा, मोखाड्याकडचा. मला कोठडीत टाका, पण म्हातारीला काही करू नका."

ते पान लावत होते. म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लहान्या म्हणून हाक मारली की तू ढवळूकडे बघतोस. कमूकडचं ते पोर मी नाकावरून ओळखलं, तुला मानेवरून."

"मग धरलं का नाही?"

त्यांनी चुना जरा जास्तच लावला, असं मला वाटलं. "मी म्हातारीला विचारलं, यात लहान्या कोण. तिने खरं उत्तर दिलं. चूक ऐकलं मी. माझ्या कानांसाठी तिचं घर कसं घेऊ?" मग पान तोंडात टाकून म्हणाले, "पण उद्याची पाहणी वरून ठरलेली आहे. पुंजाला मी कोणत्या तोंडाने बाहेर काढणार, तुला आत ठेवून? उद्या लहान्या दाखव, नाहीतर त्याच्या घरची माणसं. तू चालणार नाहीस."

"त्याला बायको नाही, रावसाहेब."

"मग कठीण आहे," ते म्हणाले. आणि खरंच कठीण झाल्यासारखं तोंड केलं.

आय गाठोडं बांधते आहे. चूल सारवली. नळकांडं कुडातच ठेवलं. म्हणाली, "येनाऱ्याला लागल."

सखा


संक्रांत, सकाळ

लहान्याभाऊ,

पळत लिहितो, अक्षर लागलं नाही तर लागलं नाही.

गुप्ते आले. मागे शिपाई, मागे पुंजा, त्याच्या मागे त्याची एक शेळी. आय गाठोड्यावर बसलेली. मी दाराला टेकून, दोन्ही हात बगलेत, कोणता बाहेर काढू कळेना. गुप्ते हळूच म्हणाले, "आहे का कोणी?" मी मान हलवणार, तोच ओळीच्या टोकाला एक बाई दिसली. धुळीने माखलेली, डोक्यावर पोतं, दर घराला विचारत येत होती, "लहान्याचं घर कोणतं? तो डावरा?"

आख्ख्या ओळीने आमच्याकडे बोट केलं. पुंजानेसुद्धा, सवयीने.

ती दारात आली. गुप्त्यांनी विचारलं, "तू कोण?"

"रुपी. लहान्याची."

"लग्न झालं?"

"लग्न मागनं. आमच्यात आधी नांदतात."

गुप्ते घुटमळले. ढवळूबाबा पुढे झाला. "रावसाहेब, माझं नि माझ्या लेकाचं लग्न एकाच मांडवात लागलं. तवर मी काय पाहुना होतो?"

पुंजा ओरडला, "हिला मीठ विचारा! मीठ!"

गुप्त्यांना आपलाच नियम मोडता येईना. म्हणाले, "बाई, घरातून चिमूटभर मीठ आण."

रुपीने त्यांच्याकडे वरून खाली बघितलं. "मिठागरावरनं चालत आले. पाय ठेवू द्या आधी, मंग मागा." आणि डोक्यावरचं पोतं ओट्यावर आपटून सोडलं. पांढरंशुभ्र मीठ. तिने ओंजळ भरून गुप्त्यांच्या पुढे धरली. "चिमूटभर कशाला? घ्या."

 मग गुप्त्यांनी एक खडा उचलून जिभेवर ठेवला. "घरचं आहे," ते म्हणाले आणि शिपायाला सांगितलं, "पुढे चल. कडेच्या घरातली शेरडं बाहेर काढ." जाताना मागे वळून म्हणाले, "लहान्याही दिवस मावळायच्या आत दिसला पाहिजे. खरा."

मिठागरावर असताना रुपीचं तू एका शब्दानेही बोलला नाहीस! ती सांगते, मुनशीने कोंबड्याची जागा वाचली तेव्हा तू हातातलं फावडं टाकलंस, आणि दोघं त्याच पावली निघालात. पण आयला तोंड कसं दाखवू म्हणून तू फाट्यावरून जामसरला वळलास, कोंबडा घेतल्याशिवाय येत नाही म्हणालास, आणि हिला एकटीला पुढे पाठवलंस. तुझ्या धाडसाला काय म्हणावं!

आय गाठोड्यावरून उठली आहे. रुपीला हाताला धरून चुलीपाशी नेलं, कुडातलं नळकांडं काढून तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे हितं ठेवायचं. तिकडं ओल येते." आता दुसरी ताटली घेऊन रुपीला वाढते आहे. तिसरी शोधते आहे.

हे पत्र जामसरला तुला वाचून कोण दाखवणार? मावशीला येत नाही, तुला येत नाही, कोंबड्याचं मी सांगत नाही. तेव्हा हे घेऊन मीच पळत येतो, आणि अंगणात उभा राहून मोठ्याने वाचतो. पहिली ओळ ऐकू आली की कोंबडा काखेत घाल. त्याला घट्ट धर. माझी पोटरी अजून दुखते.

सखा (आजपासून उजव्या हाताने)